वादळ दुपारनंतर येणार होतं

त्या जानेवारीत ऑफिसने माझ्या नवऱ्याला अमेरिकेला पाठवलं तेव्हा त्याच्याकडे धड स्वेटरही नव्हता. सिंगापूरला आल्यापासून गरम कपडे आम्ही पुण्यालाच ठेवून दिले होते. सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकमधल्या एका शेजारणीकडून जाड जाकीट मागून आणलं, ते त्याला खांद्यात घट्ट होत होतं. पायात नेहमीचेच स्पोर्ट्स शूज. "गोदामाच्या आतच तर काम आहे," तो म्हणाला. "हॉटेल, गाडी, गोदाम. बाहेर कोण फिरतंय?"

त्याच्याबरोबर त्याचा ऑफिसातला मित्र होता. मूळचा नाशिकचा, उंच, मोठ्याने बोलणारा. टॅम्पिनीसला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. त्याची बायको माझ्याहून बरीच लहान, मला ताई म्हणायची. मुलगा नुकता बोलायला लागला होता. हा मित्र अमेरिकेत शिकलेला, त्यामुळे तिथल्या गाड्या, रस्ते, बर्फ सगळं त्याला माहीत होतं, निदान तो तसं म्हणायचा. कुठल्याही प्रश्नावर त्याचं उत्तर तयार असे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघे. माझा नवरा मुळात सावकाश माणूस. दोघांचं जमायचं ते बहुधा म्हणूनच.

काम संपत आलं आणि हवामानाचा अंदाज यायला लागला. नवरा मला नकाशाचे फोटो पाठवायचा. अमेरिकेच्या मधल्या सपाट भागावर आधी निळा पट्टा, मग जांभळा, मग मधोमध गुलाबी. त्यांचं गाव त्या गुलाबी रंगात होतं.

"गुलाबी म्हणजे स्नो?" मी विचारलं.

"स्नो परवडला. हे पाणीच पडतं, पण पडल्या जागी गोठतं. रस्ते, तारा, झाडं, सगळ्यावर थर चढतो. आणि मागोमाग थंडी येणार आहे. उघड्या कातडीला काही मिनिटांत इजा होईल म्हणतायत."

हॉटेलवाल्यांनी खोल्यांमधून पाण्याच्या बाटल्या आणि टॉर्च ठेवले. गावातल्या दुकानांत ब्रेड मिळेना. हे मी ऐकत होते ते घामेजल्या हाताने कणीक मळता मळता, आणि खरं सांगायचं तर मला त्याची नीट कल्पनाच करता येत नव्हती. कडाक्याची थंडी म्हणजे माझ्यासाठी पुण्यातली डिसेंबरची पहाट. त्यापुढे माझी धाव नव्हती.

शुक्रवारी सकाळी तिथून निघायचं, काही तास गाडी चालवून विमानतळ गाठायचा आणि रविवारी सकाळी सिंगापूर, असं त्यांचं ठरलेलं होतं. रविवारी संध्याकाळी मित्राच्या मुलाचं बोरन्हाण होतं. त्याच्या बायकोने पुण्याहून हलव्याचे दागिने मागवले होते, बोरं कुठे मिळतील ते मला विचारून झालं होतं. गुरुवारी तिचा मला फोन आला.

"ताई, मी त्याला स्पष्ट सांगितलंय. वादळ असेल तर निघू नका. बोरन्हाण काय, रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. पाहुण्यांना मी कळवते."

"मग काय म्हणाला?"

"बघू म्हणाला. पण ऐकेल तो. माझं एवढं तरी ऐकतो."

शुक्रवारी आमची रात्रीची जेवणं चालली होती तेव्हा नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळ होती. दोघं हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये बॅगा घेऊन उभे. नवऱ्याचा चेहरा ओढलेला.

"मी म्हणतोय थांबू या," तो म्हणाला. "विमान चुकलं तर चुकलं. कंपनी दुसरं तिकीट देईल."

तेवढ्यात मित्राने फोन त्याच्या हातातून घेतला. हसत होता. "वहिनी, ह्याला तुम्हीच समजवा आता. वादळ दुपारनंतर आहे. तोवर आम्ही विमानतळावर कॉफी पीत असू. आज अडकलो तर आठवडाभर इथून हलता येणार नाही, आणि परवा माझ्या पोराचं बोरन्हाण आहे."

"अंदाज चुकत नाहीत का?" मी विचारलं.

"चुकतात. पण ही माणसं नेहमी दोन तास आधीचंच सांगतात, घाबरवायला."

मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, पण जपून. नवऱ्याने फोन परत घेतला, माझ्या शेजारी जेवत असलेल्या आमच्या मुलीला हात केला, आणि पोचलो की मेसेज टाकतो म्हणाला. काचेच्या दारापलीकडे कोरडा, राखाडी रस्ता दिसत होता. त्या रस्त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं.

शनिवारी सकाळी मेसेज नव्हता. विमान रद्द झाल्याचं मात्र मला मोबाईलवर दिसलं. म्हणजे विमानतळावर अडकले असतील, चार्जर बॅगेत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मित्राच्या बायकोचीही तीच समजूत होती. दिवसभर आम्ही एकमेकींना फोन करत होतो आणि दर वेळी एकमेकींना तेच सांगत होतो. दुपारी मी मुलीला पोहायच्या क्लासला नेलं. तलावाकाठी इतर आयांशी बोलले, कोणाला काही सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत दोघांचे फोन बंदच होते. हॉटेलला फोन लावला तर लागेना. त्या भागातली वीज गेल्याच्या बातम्या यायला लागल्या होत्या.

रविवारी सकाळी अमेरिकेतून फोन आला. इस्पितळातली नर्स होती. तिने आधी माझं नाव विचारून खात्री केली, मग फोन नवऱ्याच्या कानाला धरला, कारण त्याच्या दोन्ही हातांना बँडेज होतं.

"मी आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "तो गेला गं."

मित्राच्या बायकोला सांगायला मला टॅम्पिनीसला जावं लागलं नाही. तिला कंपनीच्या माणसांनी आधीच कळवलं होतं. तरी मी गेले. दार तिच्या शेजारच्या चिनी आजींनी उघडलं. त्यांच्या कडेवर मुलगा होता, बिस्किट खात. ती आत पलंगावर बसली होती. मला बघून म्हणाली, "ताई, भाऊजी बरे आहेत ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

काय घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. निघाल्यावर तासाभरातच पाऊस सुरू झाला. दुपारची वाट न बघता. मित्र गाडी चालवत होता. एका उतारावर गाडी घसरली, कठडा नसलेल्या बाजूने खाली गेली आणि झाडांत अडकली. मित्राचा पाय पुढच्या भागात चेंगरला. नवऱ्याला फारसं लागलं नाही. मदतीचा नंबर एकदाच लागला. पलीकडच्या बाईने सांगितलं, रस्ते बंद आहेत, गाडी पाठवता येत नाही, आत थांबा, इंजिन चालू ठेवा. पेट्रोल होतं तोवर त्यांनी ठेवलं. अंधार पडल्यावर ते संपलं. बॅगांमधले सगळे कपडे नवऱ्याने मित्राच्या अंगावर घातले, शर्टावर शर्ट. उजाडल्यावर नवरा चढ चढून वर गेला, रस्त्यावर एकही गाडी नव्हती, आणि घसरत, पडत एका शेतातल्या घरापर्यंत पोचला. माणसं घेऊन परत आला तेव्हा उशीर झाला होता.

मित्राला नाशिकला नेलं. त्याचे आईवडील तिथे होते. माझा नवरा काही आठवड्यांनी चाकाच्या खुर्चीतून सिंगापूरला आला. हाताची बोटं वाचली होती. डाव्या पायाची काळी पडली होती. इथल्या डॉक्टरांनीही लगेच काही केलं नाही. कुठवर मेलं आहे ते स्पष्ट व्हायला वेळ द्यावा लागतो, ते म्हणाले. आम्ही रोज पट्टी सोडून बघायचो. शेवटी बोटं काढली. मुलगी दारातून विचारायची, "बाबा, स्टिल दुखतंय?" आणि उत्तर ऐकायच्या आत पळून जायची.

फ्लॅट रिकामा करायला मित्राची बायको नाशिकहून परत आली. मित्राच्या नोकरीवरच तिचा इथे राहायचा पास होता, तो आता संपणार होता. ती आमच्याकडे आली तेव्हा माझा नवरा सोफ्यावर पाय उशीवर घेऊन बसला होता. मी चहा केला. तिने कप हातात धरला, प्यायली नाही.

"भाऊजी, एकच विचारायचंय. निघायचं कोणी ठरवलं?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"मी," माझा नवरा म्हणाला.

"तो काय म्हणाला?"

"थांबू या म्हणाला. तुम्ही त्याला तसं सांगितलं होतं, तेही म्हणाला. मीच हट्ट धरला. मला घरी यायचं होतं. त्याला तिथे गाडी चालवायची सवय, म्हणून तो चालवत होता, इतकंच."

तिने कप टीपॉयवर ठेवला, पर्स उचलली. दारात चप्पल घालताना माझ्याकडे बघून म्हणाली, "मला वाटलंच होतं. तो माझं ऐकायचा." लिफ्ट येईपर्यंत मी तिच्याबरोबर उभी राहिले.

घरात येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "मी फोनवर होते. त्याने तुझ्या हातातून फोन घेतला होता. मला सगळं माहीत आहे."

"माहीत असू दे."

"मग खोटं का बोललास?"

तो पायाकडे बघत राहिला. "गाडीत तो एकच सांगत होता. तिला कळू देऊ नकोस, मी ऐकलं नाही म्हणून. सुरुवातीला चांगलं बोलत होता, मुलाबद्दल, ऑफिसबद्दल. मग नुसतं तेवढंच. जीभ जड झाली तरी तेच. मी हो म्हणालो. त्याला ऐकू गेलं की नाही तेही माहीत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा हो म्हणत राहिलो."

मला राग आला होता, पण कोणावर ते धरता येईना. जो गेला त्याच्यावर येत होता, आणि त्याच्या मुलाचा चेहरा आठवला की ओसरत होता. मग नवऱ्यावर यायचा.

आवराआवरीला मी तिच्याकडे गेले. तिने बोलावलं नव्हतं, पण नकोही म्हणाली नाही. आम्ही दोघींनी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली. त्याचे बूट तिने शेजारच्या आजींच्या मुलाला देऊन टाकले. कपाट रिकामं करताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "ताई, भाऊजींनी खरं सांगितलं त्याबद्दल मी आभार मानायला हवेत. पण मला जमत नाही. त्यांचं तोंड बघवत नाही मला."

माझ्या हातात तिची कढई होती. मी सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. मग ती खाली बसून आपल्या माणसाला दोष देत बसली असती, नाशिकच्या घरात सासूसासऱ्यांसमोर, वर्षानुवर्षं. मी कढईला कागद गुंडाळला आणि खोक्यात ठेवली.

नवऱ्याने तिला सांगितलेलं इथल्या मराठी लोकांना हळूहळू कळलं. कोणी समोर काही बोललं नाही. मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात नवरा काठी टेकत आला तेव्हा त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली गेली, आणि शेजारची खुर्ची बराच वेळ रिकामी राहिली. एक बाई मला म्हणाली, "ह्यांना घाई होती म्हणे." मी म्हटलं, हो. घरी येताना ट्रेनमध्ये नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. दिवाळीचं बोलावणं आलं तेव्हा त्याने मला आणि मुलीला जा म्हटलं, आणि आम्हीही गेलो नाही.

आता तो चांगला चालतो. बुटात बोटांच्या जागी एक घडवून घेतलेला तुकडा असतो. पाय फिरवून टाकावा लागतो, लांबून बघणाऱ्याला कळतही नाही. ऑफिसात त्याची टीम बदलली. मित्राच्या जागी आलेल्या मुलाला त्या प्रकल्पाबद्दल काही हवं असलं तर नवरा मेल करतो, भेटत नाही. मे महिन्यात इथे दुपारी अंग भाजून निघतं तरी त्याच्या डाव्या पायात मोजा असतो. जी बोटं नाहीत ती गार पडतात म्हणतो. डॉक्टर म्हणाले, असं होतं.

गेल्या वर्षी एका दुपारी तिचा फोन आला. नाशिकहून, नव्या नंबरवरून. मुलगा शाळेत जायला लागला, तिने नोकरी धरली आहे, सासऱ्यांची तब्येत बरी नसते. मुलाला बापाबद्दल काय सांगायचं ते कळत नाही म्हणाली. "सध्या एवढंच सांगते, की बाबांना थांबायचं होतं."

मी म्हटलं, "बरोबर आहे."

मग तिने माझ्या मुलीची चौकशी केली. माझ्या नवऱ्याची नाही. फोन ठेवताना म्हणाली, "ताई, मी फोन केला होता हे घरात सांगू नका."

आतल्या खोलीत नवरा मुलीचं गणित घेत होता. त्याने तिथूनच विचारलं, कोणाचा होता? मी बँकेचा म्हटलं. मुलीला पुढचं उदाहरण सांगायला त्याला जरा वेळ लागला.