डबडं मोबाईलमध्ये गेलं

गेमचं यंत्र आणि मोबाईल एकच असावं, दोन-दोन वस्तू कशाला बाळगायच्या, असं ज्या कुणा शहाण्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं, त्याला मला एकदा आमच्या सरोजिनी नगरच्या घरी जेवायला बोलवायचंय. पोटभर वाढीन. मग आबांच्या समोर बसवीन आणि म्हणेन, आता सांग यांना, काय सोय केलीस ती.

आबा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडे एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते, सगळी नोकरी माणदेशातल्या खेड्यांच्या फेऱ्यांवर गेली. आई गेल्यावर मी त्यांना लखनौला घेऊन आले. लेकीच्या घरी कसं राहायचं, लोक काय म्हणतील, असं गाडीत बसेपर्यंत चाललं होतं. मी इथं अमौसीला विमानतळावर विजेच्या देखभालीचं काम बघते. नवरा सरकारी कचेरीत आहे, मूळचा नागपूरचा, त्यामुळे त्याला हिंदीचं काही वाटत नाही. त्याची तर दोन वाक्यं मराठी झाली की तिसरं आपोआप हिंदीत जातं. आबांना हिंदी कळायची थोडीफार, पण बोलायची म्हटलं की जीभ रेटायची नाही. आणि आमची लेक, एकुलती एक. ती इथलीच. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

आबा आले तेव्हा रोज संध्याकाळी तिची वाट बघत दाराशी खुर्ची टाकून बसायचे. ती आली की विचारायचे, "काय झालं गं आज शाळेत?"

"कुछ खास नहीं, आबा," असं म्हणून ती दप्तर टाकून आत.

मग ते माझ्याकडे बघायचे. मी तिच्यावर ओरडायची, मराठीत सांग म्हणून. ती म्हणायची, "मम्मी, समझता है, पर बोला नहीं जाता." ओरडून भाषा येत असती तर माझ्या घरात आज सगळे पंडित असते. एका घरात दोघं तशीच राहत होती, एकमेकांना हसून बघायची आणि आपापल्या खोलीत जायची. आबांनी बोलून दाखवलं नाही, पण गावाकडं परत जायचं मधूनमधून काढायला लागले. तिकडं आहे कोण आता? कुलूप आहे.

तशात माझा धाकटा भाऊ दुबईहून आला आणि भाचीला एक गेमचं यंत्र देऊन गेला. हातात धरायचं, मधे पडदा, दोन्हीकडं खरीखुरी बटणं. आबांनी बघताक्षणी त्याला डबडं म्हटलं आणि घरात तेच नाव पडलं. त्यात एक प्रवासी होता, पाठीवर बोचकं. डोंगर ओलांडून त्याला पलीकडच्या गावाला पोचवायचं. वाटेत दरडी कोसळायच्या, पूर यायचा, रानडुकरं धावून यायची. आता यातली मुख्य गोष्ट सांगते. त्या डबड्यात प्रवास एकच साठायचा. बंद करून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी चालू केलं, की काल सोडलं तिथून पुढं. दोघांना खेळायचं तर दोघांनी मिळून तो एकच माणूस न्यायचा. प्रवासी पडला की डबडं दुसऱ्याच्या हातात.

आबांना मी खेळायला सांगितलं नव्हतं. पोरीनंच एकदा त्यांच्या हातात दिलं, आणि तिकिटांना भोकं पाडून पाडून तयार झालेला त्यांचा अंगठा त्या बटणांवर असा बसला की पोरगी बघतच राहिली. मग आबांनी नियम घातला. त्यांच्या एसटीत पाळी बदलताना गाडी नुसती ताब्यात देत नसत. कुठवर आली, रस्ता कसा आहे, पुढं कशाला जपायचं, हे सांगून द्यायची. तसंच इथं. "न सांगता दिलीस तर फुडचा मरतोय," ते म्हणायचे. "आन् घेणाऱ्याला कळंल असं सांगायचं." तिनं हिंदीत सांगितलं की हात मागं घ्यायचे. "न्हाई कळलं. परत सांग."

डबडं त्यांनी घ्यावं असं तिलाही वाटायचं, कारण डुकराचा टप्पा आबांशिवाय कुणाला पार होत नव्हता. मग ती अडखळत सांगायची. "आबा, पुलाच्या खाली मत जा. म्हणजे, जाऊ नको. तिथं डुक्कर आहे, तो मागून येतो."

"ते मागनं येतंय."

"हां, ते मागनं येतंय."

मी स्वयंपाकघरातून ऐकायची. काही महिन्यांत पोरगी ओढा, घळ, चढण, निसरडं असले शब्द बोलायला लागली, जे माझ्याही बोलण्यातून कधीच गेले होते. एकदा मी फरशी पुसत होते, तर मला म्हणाली, "मम्मी, कडेनं ये, मधे निसरडंय." मी कडेनं आले. माझी लेक माझ्या आईसारखं बोलत होती. आणि आबांनी गावाचं नाव काढणं बंद केलं होतं. रविवारी घरी बुद्धवंदना झाली की दोघं दिवाणावर बसायची, डोक्याला डोकं लावून, आणि मला आत यायचीसुद्धा परवानगी नसायची.

मग नवऱ्याला सोय सुचली.

पोरीच्या शाळेचा अभ्यास मोबाईलवर यायला लागला होता, तेव्हा तिला मोबाईल हवा होता, हे मला मान्य. पण हा गेला आणि जुनी वस्तू देऊन नवी घ्यायची अशा कुठल्याशा योजनेत डबडं देऊन आला. मला विचारलं नाही, आबांना नाही. पोरीला विचारलं होतं म्हणे. नव्या मोबाईलच्या नादात असलेल्या पोरीला विचारलं तर ती काय, आबांनासुद्धा देऊन टाक म्हणाली असती.

"अगं, सगळं एकात येतं आता," तो खोका उघडत म्हणाला. "अभ्यास, फोन, गेम. वो पुराना डब्बा कशाला? मोबाईलमधले गेम तर त्याहून भारी आहेत, यार."

"आणि त्यातला प्रवास?"

"कुठला प्रवास?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांनी मिळून शेवटच्या डोंगरापर्यंत आणलेला माणूस हा त्या दुकानात टाकून आला होता, आणि विचारत होता, कुठला. मी त्या दिवशी काय काय बोलले ते लिहीत नाही. एवढं सांगते की वरून विमान जात असतानाही शेजारच्या भाभींना माझा आवाज ऐकू गेला. तो दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊनही आला, माझ्या धाकानं. डबडं पुढं कुठंतरी रवाना झालं होतं.

त्याचं म्हणणं आजही तेच आहे, आणि त्याच्या कचेरीतल्या सगळ्यांचं तेच. दोन वस्तूंपेक्षा एक बरी. एक चार्जर, एक खर्च, खिशात मावते. मी विजेचं काम करणारी बाई आहे. धावपट्टीचे दिवे आणि कँटीनची शेगडी आम्ही एका लाइनीवर घेत नाही. तार वाचते म्हणून घ्या, असं कुणी म्हणालं तर त्याला उभं करणार नाही कुणी. काही गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात, कारण एकीचा बिघाड दुसरीत जाऊ नये. हे यंत्रांच्या बाबतीत सगळ्यांना पटतं. घराच्या बाबतीत सांगितलं की बायको डोकं खाते.

बरं, मी प्रयत्न केला नाही असं नाही. मोबाईलवर तसलाच एक गेम पोरीनं घेतला. मी म्हटलं, आबांना दे थोडा वेळ. तिनं दिला, वाईट पोरगी नाही ती. पण काचेवर आबांचा अंगठा लागेचना. कातडी जाड, कोरडी, काच काही ओळखेना. ते दाबायचे, प्रवासी जागचा हलायचा नाही, डुकरं येऊन तुडवून जायची. मधेच शाळेच्या ग्रुपवर टिंग वाजायचं, मधेच मैत्रिणीचा फोन. आबा दचकून मोबाईल असा लांब धरायचे, जसं काही आता हातात फुटणार आहे.

मी बाजारात गेले, तसंच डबडं मिळतंय का बघायला. दुकानदार फार अदबीचा. "मैडम, अब ये कौन खेलता है? मोबाइल में सब कुछ है." मला तिथंच त्याची गचांडी धरावीशी वाटली, पण त्या बिचाऱ्याचा काय दोष. त्यानं मला मोबाईलला दोन्हीकडून लावायच्या बटणांच्या मुठी दिल्या. मी उड्या मारत घरी आणल्या. आबांचा अंगठा पुन्हा बसला. प्रवासी धावला. आणि दोन मिनिटांत पोरगी रडकुंडीला आली.

"आबा, प्लीज, मेरा रैंक गिर जाएगा!"

तिथला प्रवास तिच्या एकटीचा होता. तिच्या नावाचं खातं, तिचा नंबर, शाळेतल्या मैत्रिणी त्यात वरखाली. आबा पडले की ती खाली जायची. त्यांना वेगळं खातं काढून दे म्हटलं, तर तिनं काढून दिलं, माझ्या जुन्या मोबाईलवर. आबा त्यात एकटे खेळले, थोडा वेळ. मग कुणाला काय सांगायचं, कुणाकडून काय ऐकायचं? त्यांनी मुठी पुसून कपाटात ठेवल्या आणि पुन्हा दाराशी खुर्ची टाकली.

बटणं जोडता आली हो. पण डबडं दुसऱ्याच्या हातात द्यावं लागायचं, त्याला सांगावं लागायचं, ते कुठून जोडणार? ज्याला हे सगळं एकात एक कोंबायचंय त्यानं आधी आपल्या घरात कोण कुणाशी कशाच्या जोरावर बोलतंय ते बघावं. मोबाईल ही एकट्याची वस्तू. तो उशाशी घेऊन माणूस झोपतं, त्याला कुलूप घालतं, नवरा-बायको एकमेकांच्या मोबाईलला हात लावत नाहीत. खेळ असल्या वस्तूत नेऊन ठेवला, की तोही एकट्याचाच होणार. एवढी साधी गोष्ट कळायला काय इंजिनिअर व्हायला लागतं?

पोरीचं मराठी गेलं. भांडून नाही, रुसून नाही. नुसतं गरज उरली नाही म्हणून गेलं. "कुछ खास नहीं, आबा," पुन्हा सुरू झालं.

गेल्या महिन्यात माझी कामावरची पाळी लवकर सुटली, तर घरी आले तेव्हा आबा फाटकाशी सब्जीवाल्या भैयाच्या गाडीला हात टेकून उभे. भाजी काही घेतलेली नव्हती. भैया एकेक शब्द सुटा करून सांगत होता आणि आबा त्याच्यामागून म्हणत होते. मला बघून गप्प झाले. भैयाच म्हणाला, "चाचाजी रोज़ एक-दो बात सीखते हैं, मैडम. पोती से बात करनी है न." त्याला नातं चुकीचं कळलं होतं, लेकीची लेक त्याला लेकाची वाटली होती; बाकी सगळं बरोबर.

माझ्या वडिलांनी या वयात, रस्त्यात उभं राहून, भाजीवाल्याची शिकवणी लावली होती. स्वतःच्या नातीशी बोलता यावं म्हणून. मला नवऱ्याचा, पोरीचा, त्या सगळ्या मोबाईलवाल्यांचा असा राग आला की मी बॅग फाटकावर आपटली.

"आबा, तुम्ही कशाला? तिनं शिकायचं, तुम्ही नाही," मी म्हटलं.

"ती कवा शिकायची," ते म्हणाले. "तवर मी राहतोय व्हय."

संध्याकाळी ते तिच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आधी ओठातल्या ओठात म्हणून बघितलं. मग म्हणाले, "बेटा, आज कहाँ तक पहुँची?"

तिनं मान वर केली. खूश झाली, अगदी मनापासून. "अरे वाह, आबा! आपको तो हिंदी आ गई." नवरा बाहेरून टाळ्या वाजवत आला. मला म्हणाला, बघ, उगाच चिडत होतीस, जमलं की नाही. पोरगी त्यांना काहीतरी भरभर सांगायला लागली, आबा मान हलवत होते, आणि मला दिसत होतं की त्यांना त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. मग तिचा मोबाईल वाजला आणि ते बाहेर आले.

मी ओट्याशी होते. आत काही बोलायला गेले असते तर भांडी फुटली असती, म्हणून भाकरी थापत होते.

"आबा, जेवायला वाढू?" मी विचारलं.

"थोड़ी देर बाद, बेटा," ते म्हणाले.

मला म्हणाले. मला, ज्या पोरीला त्यांनी बोलायला शिकवलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. पुटपुटत दाराशी जाऊन बसले, उद्याचं वाक्य पाठ करत.