संध्याकाळी पडणारी पापणी

अक्काचं बोलणं संध्याकाळी नाकातून यायला लागलं, तेव्हा आधी आम्ही सगळे हसलो. हसण्याची सुरुवात तिनंच केली. उमरग्याच्या घरी ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती, शेजारणीची नक्कल चालली होती, आणि नक्कल संपली तरी आवाज तसाच राहिला.

"बघ, शिरली माझ्या अंगात ती," अक्का म्हणाली.

सकाळी आवाज पुन्हा नीट झाला. म्हणून कुणी काही मनावर घेतलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे माझी वेणी, माझी शाळा, माझा हट्ट हे सगळं तिच्या वाट्याला आलं. ती लग्न होऊन उमरग्याला गेली. भाऊजींचं तिथं भुसाराचं दुकान आहे. मी धाराशिवला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, लग्न केलं नाही, सुट्टीला तिच्याकडे जाते. जात होते. हे क्रियापद अजून माझ्या हातून नीट लिहिलं जात नाही.

आवाजानंतर जेवण गेलं. आमच्याकडे कडक भाकरी म्हणजे जेवणाचा कणा. अक्का सकाळी ती खायची, रात्रीच्या जेवणाला मात्र दोन-चार घास चावून थांबायची. जबडा खाली ओघळू नये म्हणून हनुवटीला हात लावून बसायची. भाऊजींनी तिला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं एक दाढ काढली. मग डावी पापणी पडायला लागली आणि डोळ्यांच्या डॉक्टरनं चष्मा दिला. चष्मा लावूनही पापणी खालीच. अक्का म्हणायची, "आता पडतंय ते काचंतून दिसतंय, एवढाच फरक."

या आजाराची एक खोड होती, ती आम्हाला फार उशिरा कळली. तो संध्याकाळचा होता. झोपून उठलेली अक्का म्हणजे धडधाकट बाई. दिवसभर बोलून, चावून, बघून तिचे स्नायू दमायचे आणि दिवेलागणीला तिचा चेहरा उतरायचा, अगदी शब्दशः. आणि दवाखान्याच्या आमच्या फेऱ्या सगळ्या सकाळच्या. भाऊजींना दुकान उघडायचं असायचं, म्हणून ते पहिला नंबर लावायचे. त्यांचा घरचा डॉक्टर त्याच पेठेतला, सगळ्या आडत्यांचा आणि हमालांचा. अक्का आत गेली की त्याला हसवूनच बाहेर यायची.

"काय झालंय अक्का तुमाला? माझ्यापेक्षा ठणठणीत हाईत की."

"तुम्ही लई खराब हाईत डॉक्टरसाहेब, म्हणून मी बरी दिसती."

ती असं बोलायची आणि मला बाहेर बाकावर बसून राग यायचा. तिच्यावरही यायचा. एकदा मी संध्याकाळी मोबाइलवर तिचा फोटो काढला, एक डोळा जवळजवळ मिटलेला, तोंड किंचित उघडं. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरसमोर धरला. त्यानं बघितला.

"झोप आलीय त्यांना," तो म्हणाला. "वयाचा प्रश्न असतो ताई. पाळी जायच्या वेळेला बायकांना असं होतं. टेन्शन कमी करा."

टेन्शन हा शब्द त्या वर्षात मी इतक्या वेळा ऐकला की ग्रंथालयात येणाऱ्या मुलींच्या तोंडून ऐकला तरी मला आवडेनासा झाला. एखाद्या बाईचं दुखणं समजलं नाही की त्यावर झाकायला हा शब्द असतो.

पुढे जिना चढताना तिला दम लागायला लागला. तेव्हा डॉक्टरनं छातीचा एक्स-रे सांगितला. आमच्याकडे त्याला फोटोच म्हणतात. फोटो काढणारा त्याच गल्लीत, डॉक्टरच्या दवाखान्यासमोर. अक्का फोटो काढून घरी गेली. संध्याकाळी दुकान बंद करून जाताना भाऊजींनी फिल्म घेतली, डॉक्टरला दाखवली आणि मला फोन केला.

"फोटो क्लिअर हाय. काळजी करू नका."

"काहीच नाही?"

"मधोमध एक गोळ्यासारखं दिसतंय, पण ते गळ्यातलं लिंग हाय म्हणाले. आपल्या लोकांच्या फोटोत यायचंच ते."

आम्ही लिंगायत. लिंग अंगावेगळं करायचं नाही, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. छातीवर, हृदयाच्या वर, चांदीच्या डबीत किंवा रेशमी कापडात बांधून ते असतं. उमरग्यात निम्म्या बाजारपेठेच्या छातीवर ते आहे. त्या डॉक्टरनं आयुष्यभर असे फोटो बघितले होते, फुप्फुसांच्या मधे एक गोल ठिपका असलेले. त्याला तो ठिपका दिसतही नसेल आता. भाऊजींना हे उत्तर पटलं, मलाही पटलं. अक्काला कुणी हे सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं की फोटो क्लिअर आहे. क्लिअर गोष्टीबद्दल माणूस काय विचारणार?

ती फिल्म कपाटावर पडून राहिली आणि एक अख्खा ऊस उभा राहून तुटून गेला. दरम्यान अक्काला एकाचे दोन दिसायला लागले. मान पुढे पडायची. ती वरण-भात आणि पेज यांवर आली. नातेवाईक म्हणायचे, बारीक झालीस, छान दिसतेस.

मी सोलापूरचा हट्ट धरला. मेंदू आणि नसांचे एक डॉक्टर तिथं होते. आम्ही सकाळच्या बसनं निघालो आणि नंबर लागता लागता संध्याकाळ झाली. भाऊजी चिडून येरझाऱ्या घालत होते. मीही चिडले होते. पण त्या खोळंब्यानंच काम केलं, हे आज कबूल करायला हवं. आमचा नंबर आला तेव्हा अक्का बाकावर हनुवटी धरून बसली होती आणि तिचा आवाज पूर्ण नाकात गेला होता. पहिल्यांदाच एका डॉक्टरनं खरी अक्का बघितली.

त्यांनी तिला छताकडे बघत राहायला सांगितलं. पंख्याकडे बघा, पापणी हलवू नका. आम्ही सगळे पंख्याकडे बघत होतो. अक्काची पापणी हळूहळू खाली आली, दुकानाचं शटर उतरावं तशी. मग त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरून तो तिच्या डोळ्यावर ठेवला. थोड्या वेळानं काढला तर पापणी वर.

"अय्यो," अक्का म्हणाली, "बर्फानं बरं होतंय होय? मग एवढं हिंडवलं कशाला मला?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की हे स्नायूंचं दुखणं आहे, नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही, शरीरच तो अडवतं. आणि विचारलं, "छातीचा फोटो काढलाय कधी?"

का, ते त्यांनी समजावलं. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते. लहानपणी ती मोठी असते, मग आक्रसते. काही जणांत, फार थोड्या, तिच्यात गाठ होते आणि त्या गाठीपायी हे दुखणं लागतं. भाऊजींनी पिशवीतून फिल्म काढली.

डॉक्टरांनी ती दिव्यावर लावली आणि मधल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ते मधलं लिंग हाय साहेब," भाऊजी म्हणाले. "गळ्यातलं."

"कशात ठेवता तुम्ही?" डॉक्टरांनी अक्काला विचारलं.

"चांदीच्या डबीत."

"चांदी फोटोत पांढरी शुभ्र येते. हे राखाडी आहे."

अक्का खुर्चीत पुढे सरकली. तिला त्या ठिपक्याबद्दल त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं. "कुठलं लिंग? फोटोच्या वेळी लिंग माझ्या आंबाड्यात होतं," ती म्हणाली. "तो फोटोवाला सगळ्या बायकांना सांगतो, अक्का, लिंग तेवढं केसात खोवा, फोटोत आडवं येतं."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. बाहेरचा कंपाउंडर पुढच्या पेशंटचं नाव घेत होता.

पुढे सीटी स्कॅन झाला आणि गाठीला नाव मिळालं, थायमोमा. मी ग्रंथालयात बसून जे मिळालं ते वाचलं. वाचता येणं हा अशा वेळी फार उपयोगाचा गुण नाही. ही गाठ हळू वाढते, आवरणाच्या आत असेतो पूर्ण काढता येते, हे मी वाचलं आणि हळू या शब्दाशी येऊन अडकले. हळू वाढणारी गोष्ट कपाटावर पडून होती.

ऑपरेशन हैदराबादला झालं. सर्जननं बाहेर येऊन सांगितलं की गाठ फुप्फुसाच्या आवरणाला चिकटली होती, जेवढी सोडवता आली तेवढी काढली, उरलेल्याला किरणांचा शेक देऊ. "थोडं आधी आला असता तर," एवढं बोलून तो थांबला. थोडं म्हणजे किती, हे मी विचारलं. तो म्हणाला, तसं सांगता येत नाही.

ऑपरेशननंतर मी त्या फोटोवाल्याकडे गेले. भांडायला गेले होते असं म्हणायला हरकत नाही. तो हातातला चहा ठेवून उभा राहिला. चांगला माणूस. म्हणाला, "मॅडम, मी तर लिंग काढू बी देत न्हाय कुनाला आनि आडवं येऊ बी देत न्हाय. किती वर्षं झाली, केसात खोवायला लावतो. बाप्यांना म्हनतो दंडाला बांधा. फोटो साफ येतो माझा."

"हे समोरच्या डॉक्टरांना माहीत आहे?"

तो गोंधळला. "त्यांनी कवा इचारलंच न्हाय. आमी तर रोज संगट चहा पितो."

मग मी समोर गेले. डॉक्टरनं बसायला सांगितलं, अक्काची चौकशी केली. मी लिंगाचं, आंबाड्याचं सांगितलं. त्यानं मान हलवली.

"दुसऱ्या गावच्या फोटोत लिंग छातीवरच असतं ना ताई. मला काय माहीत हा केसात खोवायला लावतो?"

"विचारायचं होतं."

"मी कुणाकुणाला काय काय विचारू?" तो म्हणाला. बाहेर खरंच रांग होती. "आणि असली गाठ मी माझ्या उभ्या प्रॅक्टिसमध्ये बघितलेली नाही."

त्यानं ती बघितली होती. बघून झाली होती. हे मी बोलले, पण तोवर पुढचा पेशंट खुर्चीवर बसला होता आणि माझं वाक्य त्या दोघांच्या मधे कुठंतरी पडलं.

अक्का काही महिने बरी राहिली. गोळ्यांच्या वेळेवर तिचा चेहरा वर-खाली व्हायचा. गोळी घेतली की ती भराभर बोलून घ्यायची, शिल्लक संपायच्या आत. सोलापूरच्या डॉक्टरांनी शिकवलं होतं की एका श्वासात आकडे मोजत जायचं, आकडे कमी व्हायला लागले की लगेच सोलापूरला निघायचं. ती कन्नडमध्ये मोजायची. म्हणायची, कन्नड आकडे हलके असतात.

मग तिला ताप आणि खोकला झाला. आकडे कमी झाले. भाऊजींनी तिला गावातल्याच एका मोठ्या दवाखान्यात नेलं, रस्त्यात काही होऊ नये म्हणून. मी धाराशिवहून पोचेपर्यंत तिथल्या डॉक्टरनं बोटाला चिमटा लावला होता आणि त्यावर ऑक्सिजन ठीक दिसत होता. मी सांगितलं की हिला दम लागणं वेगळं आहे, हिचे श्वासाचे स्नायू दमतात, आकडा शेवटी पडतो. सोलापूरचे कागद पुढे केले. तो म्हणाला, "मॅडम, आकडा समोर दिसतोय ना? तुम्हीच टेन्शन घेऊन पेशंटला घाबरवताय."

अक्कानं माझ्याकडे बघितलं. तिला बोलता येत नव्हतं, पण तिचा तो चेहरा मला माहीत होता. घ्या, परत तेच, असा. आम्ही ॲम्ब्युलन्स मागवली. नळदुर्ग ओलांडलं आणि चिमट्यावरचा आकडा पडायला लागला. सोलापूर यायच्या आधी अक्का गेली.

मला रडण्याआधी राग आला आणि तो अजून गेलेला नाही. लोक म्हणतात लिहून बघ, मन हलकं होतं. मी लिहिते आहे. हलकं होत नाही. फक्त राग क्रमानं लागतो.

घरी लोक भेटायला येत होते. बायका आत, पुरुष ओसरीवर सतरंजीवर. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा भाऊजी सांगत होते, "अटॅक आला. ॲम्ब्युलन्समध्येच."

भाऊजी खोटं बोलणारे नाहीत. त्यांना एवढं मोठं नाव घेऊन दरवेळी सगळं सांगवत नव्हतं. अटॅक म्हटलं की समोरचा माणूस च्-च् करतो, मान हलवतो, पुढचं विचारत नाही. सोयीचं असतं. पण अक्काच्या दुखण्याला नाव मिळावं म्हणून आम्ही इतकं हिंडलो, ते मिळालं, आणि ती जाताच ते पुसून तिथं दुसरं लिहिलं जात होतं.

मी ट्रे खाली ठेवला.

"अटॅक नव्हता," मी म्हणाले.

भाऊजींनी मान खाली घातली. पुरुषांच्या बैठकीत मी कधी बोललेली नाही, ग्रंथालयातसुद्धा बोलताना माझा आवाज पलीकडच्या टेबलापर्यंत जात नाही. पण मी सांगितलं. पापणी सांगितली, संध्याकाळ सांगितली, हाडामागची ग्रंथी सांगितली, गाठीचं नाव सांगितलं, राखाडी आणि पांढरं यांतला फरक सांगितला. सगळे ऐकत होते. चहावर साय आली.

भाऊजींचे एक वयस्क चुलते भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी सहानुभूतीनं मान डोलावली.

"छातीतच व्हतं ना पर? मंजी अटॅकच की, बाई."

दोघा-तिघांनी व्हय व्हय केलं. कुणीतरी कप उचलला.

"नाही काका," मी म्हणाले, आणि सतरंजीच्या कडेला बसून पुन्हा पापणीपासून सांगायला लागले.