गप्प बसलेल्याचा फोन

ताईच्या घरातली दोन घड्याळं कधी एकमेकांशी जुळत नाहीत. नवरा म्हणतो, "बायको जगाच्या वेळा सांभाळते आणि माझी बस रोज चुकते." ताई हसते आणि पुन्हा कॉम्प्युटरमध्ये डोकं घालते. इंटरनेटवरून फोन लावायचा एक प्रोग्राम कुणालाही फुकट वापरता येतो, बदलता येतो. त्यातला वेळ मोजणारा भाग ती बघते. पगार शून्य, तक्रारी ढीगभर. तरी प्रत्येक तक्रारीला ती घरच्या माणसासारखं उत्तर देते.

त्या आठवड्यात तक्रार घरातूनच आली. धाकटी बहीण खचलेल्या माणसांच्या हेल्पलाइनवर बसते. तिथेही हाच प्रोग्राम. एक म्हातारा अधूनमधून फोन करायचा, फारसं बोलायचा नाही. परवा "एक सांगायचंय" म्हणाला, गप्प झाला आणि फोन तुटला.

"त्याला वाटलं असेल, मीही कंटाळले," धाकटी म्हणाली. "आम्ही नंबर ठेवत नाही गं. परत लावणार कुठे?"

नेटवर्कला नावं ठेवून ताईला मोकळं होता आलं असतं. पण ती दुपारी उठून हेल्पलाइनच्या खोलीत जाऊन बसली. कॉम्प्युटर जुनाट. चालू केला की त्याचं घड्याळ मागे असायचं आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली की एकदम पुढे उडी मारायचं. ताईने कपाळाला हात लावला. बराच वेळ कुणी बोललं नाही तर लाइन बंद करायची, असा प्रोग्रामचा नियम होता. घड्याळाने तासाची उडी मारली, की प्रोग्राम समजायचा, तासभर सगळे गप्प आहेत. आणि इथे तर गप्प बसणं हेच काम.

गप्प राहण्याची मुदत वाढवून टाका, असं प्रोग्रामवर काम करणाऱ्या बाकीच्यांनी सुचवलं. ताई हट्टाला पेटली. वेळ जिथे जिथे वापरली होती, ती प्रत्येक ओळ तिने वाचून काढली. कॉम्प्युटर चालू झाल्यापासूनचे क्षण मोजणारा, घड्याळ पुढेमागे झालं तरी उडी न मारणारा आकडा तिने शांतता मोजायला घेतला. अशी चिकाटी पैसे मोजूनही मिळत नाही.

नवा प्रोग्राम बसवायला ती स्वतः गेली. काम उरकून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तोच फोन आला. हेडफोन लावलेल्या धाकटीने आवाज ओळखला आणि ताईचा हात घट्ट धरला. मग पलीकडे शांतता. स्क्रीनवरचं घड्याळ एकदम तासभर पुढे गेलं.

लाइन चालूच राहिली. धाकटीचं घड्याळाकडे लक्षही नव्हतं. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "आहे मी, काका. सावकाश."

म्हातारा बोलू लागल्याचं धाकटीच्या चेहऱ्यावरून कळलं. तेव्हा ताईने अलगद हात सोडवून घेतला आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.