डाव्या पायाचं चाक

रिश्तान गावात कुंभार ढिगानं आहेत, पण डाव्या पायानं चाक फिरवणारा एकच, आमचा इनोयत उस्ता. कसलेल्या कारागिराला आम्ही उस्ता म्हणतो. बाकी सगळे खालच्या मोठ्या चाकाला उजव्या पायानं लाथ मारतात, हा डाव्यानं. त्यामुळे याच्या वाडग्याच्या तळाशी बोटाची जी वळी उमटते ती इतरांच्या उलट जाते. बाजारात लोक वाडग्यात डोकावून म्हणायचे, "हा डावखुऱ्याचा." मी त्याच्या भिंतीपलीकडे राहते आणि त्याची भांडी रंगवता रंगवता माझे डोळे अधू झाले, त्यामुळे त्याच्याबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. नसला तरी बोलणारच आहे.

त्याचे पाय गेले ते साखरेमुळे. गेले म्हणजे आहेत जागच्या जागी, पण बधिर. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. एकदा भट्टीतला निखारा उडून पावलावर पडला तर याला कळलं ते वासावरून. शेजारी बसलेल्या ओयदिननं किंचाळून तो झटकला. हा पायाकडे असा बघत होता की जणू कुणा पाहुण्याचा पाय आहे.

ओयदिन त्याची बायको, माझी मैत्रीण. लग्न झालं तेव्हापासून ती चाकापाशी त्याच्या उजव्या हाताला, त्याच फळीवर बसायची. माती मळायची, गोळे करायची. हा न बघता उजवा हात पुढे करायचा आणि गोळा हातात असायचा. दोघं दिवसभर एक शब्द बोलायची नाहीत आणि संध्याकाळी ती मला सांगायची, "आज खूप गप्पा झाल्या." गेल्या शरदात, द्राक्षं काढायच्या दिवसांत, ती गेली. सकाळी कणीक भिजवली आणि रोट्या तंदूरला लावायच्या आत गेली.

इनोयत रडला नाही. मला रडणाऱ्या माणसांचा कंटाळा येतो, पण न रडणाऱ्याची भीती वाटते हे तेव्हा कळलं. दफन करून आला आणि ओसरीवर बसला तो बसलाच. पायांचं बधिरपण वरवर चढत गेल्यासारखं झालं. मी मटणाचा शुर्वा घेऊन जायची.

"इनोयत, खाणार का?"

"तू म्हणशील तसं."

"गार झालाय, गरम करू?"

"तू म्हणशील तसं."

एकदा मी चिडून म्हटलं, "मग विहिरीत उडी मार." त्यावरही तेच म्हणाला. त्यानंतर मी असली थट्टा केली नाही.

त्याची एकुलती एक मुलगी झेबिनिसो ताश्कंदला नांदते. आईच्या मातीला आली आणि मागे राहिली. आज निघते, उद्या निघते असं करता करता हिवाळा सरला. जावई फोन करकरून दमला. शेवटी वसंतातला नवरोजचा सण झाला की परत जायचं ठरलं, आणि बापाला एकटं सोडायचं नाही हेही ठरलं. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्याची खाट कुठे लावायची तेसुद्धा तिनं मनात लावून टाकलं होतं. बापाला आम्ही दादा म्हणतो, मावशीला खाला, ताईला आपा. तिनं विचारलं, "दादा, याल ना माझ्याकडे?" तर उत्तर काय येणार होतं?

रात्रीची भांडी विसळताना तिनं मला विचारलं, "खाला, तिथं नेले तर जगतील का हो?"

मला खोटं बोलता येत नाही अशातला भाग नाही, पण तिच्याशी बोलवेना. "श्वास घेईल," मी म्हटलं.

ती विसळायची थांबली. "चाकावर बसले असते तर मी त्यांना इथून हलवलंच नसतं. पण ते पाय..." चाक खड्ड्यात, उतरायला पायऱ्या, आणि उतरला तरी लाथ कुठल्या पायानं मारणार? मग तीच म्हणाली, "टेबलावर ठेवायची विजेची चाकं मिळतात म्हणे. उचलून कुठंही नेता येतात." असं चाक आणायचं, आणि ते बाप फिरवतो का बघायचं. फिरवलं तर तो रिश्तानमध्ये, नाही तर चौथ्या मजल्यावर. मी म्हटलं, चल, मी येते.

कोकंदच्या बाजारात असल्या वस्तूंचं एकच दुकान सापडलं. विकणारा पोरगेला, केसाला तेल, तोंडाला साखर.

"या आपा, या खाला. छंदासाठी पाहिजे का? हे बघा गुलाबी."

"आम्ही रिश्तानच्या आहोत," मी म्हटलं.

त्यानं गुलाबी खाली ठेवलं.

झेबिनिसोनं बाही वर केली. पहिलं चाक सुरू करायला लावलं आणि तबकडीवर तळहात दाबला. चाक कुंथून थांबलं. "यावर माती काय बसवणार? बटाटा?" दुसरं थांबलं नाही, पण त्याचा आवाज गव्हाच्या गिरणीसारखा. तिसरं चांगलं होतं, दमदार, गुपचूप फिरणारं. त्याचा वेग पायाखालच्या पट्टीवर होता, दाबाल तसं धावायचं.

"हे नको," ती म्हणाली.

"का आपा? सगळे हेच नेतात."

"ज्याला द्यायचंय त्याला पाय दाबला की नाही ते कळत नाही."

पोरगा आतून एक खोका घेऊन आला. याला वेगाची मूठ होती, हातानं फिरवायची. आवाज नाही. तळहात दाबला तरी दमत नव्हतं. रुंद तबकडी, एका माणसाला उचलण्याजोगं वजन. मला वाटलं झालं, आता कुठेतरी बसून चहा प्यावा. तर झेबिनिसोनं विचारलं, "उलटं फिरतं का?"

"उलटं कशाला?"

"माझे वडील डाव्या पायाचे आहेत."

"अहो, पण याला पाय लागतच नाही."

"पाय लागत नाही, हात लागतात. डाव्या लाथेनं चाक ज्या बाजूला जातं त्याच बाजूची त्यांच्या हातांना सवय आहे. तसं फिरत नसेल तर ठेव परत."

पोरगा वैतागला. म्हणाला, साऱ्या जगाचं चाक एका बाजूनं फिरतं, तुमच्या वडिलांचंच का नाही? मी म्हटलं, "बेटा, तुझ्या दुकानात बसून हाच वाद तू त्याच्याशी घातला असतास तर त्यानं तुलाच चाकावर बसवला असता." मग कुठं त्यानं खोक्यातला कागद वाचला, यंत्र आडवं केलं आणि त्याच्या पाठीशी एक बारकं बटण सापडलं. दाबलं तर चाक दुसऱ्या बाजूला फिरायला लागलं. झेबिनिसो त्या फिरण्याकडे इतका वेळ बघत राहिली की पोरग्यानं मला डोळ्यानंच विचारलं, काय झालं?

परतताना भाड्याच्या गाडीत चाक तिनं मांडीवर धरलं. ड्रायव्हर म्हणाला डिकीत टाका, तिनं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओसरीच्या मधोमध टेबल मांडलं, त्यावर चाक. बाजूला तिनं खड्ड्यातली ती जुनी फळी वर आणून ठेवली, आईची बसायची. ते मला आवडलं नाही. माती मी मळली. ओयदिनसारखी नाही जमली.

"दादा, बसता का?"

"तू म्हणशील तसं."

बसला. हात ओले केले. झेबिनिसोनं त्याच्यासमोरच मागचं बटण दाबून फिरायची दिशा त्याची करून ठेवली होती, मूठ फिरवली. मातीनं दोन हेलकावे खाल्ले आणि मधोमध बसली. मग अंगठा आत गेला, भिंत उभी राहिली, वाडगा झाला. सगळं हातांनी केलं. चेहरा तसाच होता, बस थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाचा. झेबिनिसोनं माझा दंड घट्ट धरला होता. तिला वाटलं जमलं. मला काहीच वाटत नव्हतं.

त्यानं दोऱ्यानं वाडगा कापून बाजूला ठेवला आणि न बघता उजवा हात पुढे केला.

हात तसाच राहिला. गोळा माझ्या हातात होता, एक पाऊल टाकायचं होतं, आणि माझे पाय उचलेनात. त्याच्या पायांना काय होत असेल ते मला त्या वेळी कळलं. मग त्यानं मान वळवली, रिकाम्या फळीकडे बघितलं. हात मागे घेतला आणि चाकाच्या पाठीमागे नेऊन चाचपत बटण दाबलं. चाक दुसऱ्या बाजूनं फिरायला लागलं.

"दादा, उलट झालं ते," झेबिनिसो म्हणाली.

"हेच सुलट."

"पण तुम्ही तर डाव्या पायाचे..."

"कोण म्हणतं?"

"सगळं रिश्तान म्हणतं!" हे मी म्हटलं.

"रिश्तानला काय कळतंय." कित्येक महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता. "माझ्या उस्तानं उजव्या पायानंच शिकवलं. मग तू आईच्या पोटात आलीस," तो लेकीला म्हणाला. "डावीकडे भिंत, उजवीकडे ही. लाथ मारायला पाय फाकला की गुडघा तिच्या पोटाला लागायचा. म्हटलं, घरात जाऊन बस. ऐकेल तर ओयदिन कसली. मग मीच पाय बदलला. तेव्हा माझा वाडगा कोण ओळखत होतं. तू झालीस तर तुला घेऊन तिथंच बसायला लागली. पुढे तसंच राहिलं."

आणि मला आठवलं, अंगणातला कोंबडा ओसरीवर चढला की हा त्याला नेहमी उजव्या पायानं उडवायचा. जन्मभर बघितलं मी ते. ओयदिननंही कधी सांगितलं नाही, माझ्यापाशी सगळं बोलायची ती.

"मग आता का बदलता?" झेबिनिसोनं विचारलं. "हातांना तीच सवय आहे. जमत होतं ना."

"आता गुडघा कुणाला लागणार आहे?"

असं म्हणून त्यानं स्वतःच वाकून माझ्या हातातला गोळा घेतला आणि तबकडीवर थापला. गोळा डुगडुगला, एका बाजूला कलला आणि सुटून सरळ माझ्या अंगरख्यावर आला. इनोयतनं त्या चाकाच्या आईला एक शिवी घातली. मग मातीला. मग कोकंदच्या समस्त दुकानदारांना. मी आयुष्यात इतक्या आनंदानं शिव्या ऐकल्या नाहीत. झेबिनिसो तोंडावर ओढणी दाबून रडत होती.

"रडतेस काय? गोळा दे."

ती डोळे पुसत आईच्या फळीवर बसायला गेली.

"तिथं नको," तो म्हणाला. "डावीकडे ये. इथं भिंत नाही."

ती डावीकडे गेली. त्यानं हात पुढे केला, पण बघून. तोही गोळा कलला, पुढचाही. संध्याकाळपर्यंत एक वाडगा कसाबसा उभा राहिला, काठ वाकडा, एक बाजू जाड, शिकाऊ पोरानं केल्यासारखा.

"ताश्कंदला तू जा," हात धुताना तो झेबिनिसोला म्हणाला. "मी नाही येत."

तो वाडगा मी मागून घेतला. भाजून आला तेव्हा आत डोकावून बघितलं. तळाशी वळी आहे, सगळ्यांच्या वाडग्यांत असते तशीच. बाजारात मांडला तर डावखुऱ्याचा म्हणून कुणीही ओळखणार नाही.