यादीत न बसलेला विषय

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मांडीवर जीन्सची पँट होती. तिच्या सासरच्या गावाहून, खरवईहून, तिच्या नवऱ्यानं, नितीननं केला होता. "मावशी, वसू गेली," एवढंच बोलला. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. वसुधा माझी भाची, थोरल्या बहिणीची लेक. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती हो तिनं... आता महिना होऊन गेलाय. रडून झालंय. राहिलाय तो राग.

अंबरनाथच्या एका कॉलेजात ती अर्थशास्त्र शिकवायची, तासावर. कायम कधी केलंच नाही. पीएचडी करा, मग बघू, म्हणायचे. म्हणून ती विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात गेली. विषय तिनं आमच्या गल्लीतूनच नेला होता. इथे उल्हासनगरात टेम्पोवाला जीन्सचे गठ्ठे टाकून जातो आणि घरोघरी बाया शिलाईचे लोंबते धागे कापत बसतात. मीही त्यातलीच. पहिल्यांदा ती छापील प्रश्न घेऊन आली आणि मला, सख्ख्या मावशीला, सरकारी आवाजात विचारती झाली, "आपण काही काम करता का?" मी म्हटलं, "नाही गं बाई, घरीच असते." हातात कात्री, पुढ्यात पँटींचा ढीग! इतकी हसली... म्हणाली, "मावशी, आमच्या तिकडच्या चामटोली गावातल्या बायाही हेच म्हणाल्या. काम म्हटलं की तुम्हाला नवऱ्याचंच आठवतं!" मग तिनं तो प्रश्नच टाकून दिला. खाली बसायची, एक पँट ओढून घ्यायची आणि धागे कापता कापता विचारायची, "सकाळपासून काय काय झालं गं?" बाया बोलत सुटायच्या. उठेपर्यंत तिचीही बोटं आमच्यासारखी निळी झालेली असायची.

विभागात म्हणे भिंतीवर पाटी होती, विभागाची संशोधन क्षेत्रं. शेती, बँका, परदेशी व्यापार, सरकारी जमाखर्च, असं काय काय. तिथल्या विभागप्रमुखांनी तिचे कागद चाळले आणि पाटीकडे बोट दाखवलं. "मॅडम, यात हे कुठे बसतं ते तुम्हीच सांगा. समाजशास्त्रवाल्यांना विचारा." समाजशास्त्रवाले म्हणाले, छे, हे तर अर्थशास्त्र. शेवटी पाटीत बसेल असा विषय सरांनीच काढून दिला, कपड्यांची निर्यात. झालं. आमची वसू जीन्स जहाजात चढल्यावर पुढे काय होतं ते लिहीत बसली. मी म्हटलं, "अगं, पँट तर तीच ना?" "पँट तीच, मावशी. बाया तेवढ्या उतरवल्या." हे बोलताना मात्र ती हसली नाही.

पीएचडी झाली, नोकरी तासावरचीच राहिली. रविवारी ती यायची, बायांशी बोलायची. त्याचा लेख करून विभागाच्या अंकाला पाठवला, तोही आमच्या क्षेत्राबाहेरचा म्हणून परत आला. त्या दुपारी माझ्याकडे पिठलं-भात जेवताना म्हणाली, "एकदा कुठल्यातरी कागदावर यावं गं, की या बाया काम करतात. दुसरं काही नको मला."

विभागानं शोकसभा घेतली, तेव्हा नितीनबरोबर मीही गेले. भिंतीवर नवी चकचकीत पाटी. त्यात अगदी वर, 'असंघटित स्त्रीश्रम'. प्रमुख तेच. भाषणात म्हणाले, या विषयाला आता निधी आलाय, वसुधाताई असत्या तर त्यांना फार आनंद झाला असता. मी उठलेच होते बोलायला. नितीननं हात धरून खाली बसवलं. "मावशी, नको. काय उपयोग?"

मागच्या आठवड्यात त्याच विभागाची एक मुलगी टॅब घेऊन गल्लीत आली. गोड पोर, उन्हानं लाल झालेली. शेजारची शेवंता आणि मी माझ्या ओट्यावर धागे कापत होतो.

"काकी, तुम्ही काही काम करता का?"

"नाय गं, घरीच असतंय," शेवंता म्हणाली.

मुलीनं टॅबवर बोट टेकवलं. मी म्हटलं, "थांब, ते खोड. मग आम्ही काय इथे देवाची आरती करतोय?"

खोडलं बिचारीनं. "बरं, काम देणाऱ्या मालकाचं नाव?"

आता ते कुणाला ठाऊक? "टेम्पोवाला येतो बाई. त्याचं घाल."

"तो मालक नाही ना आजी. आणि नाव घातल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही हो... कामापुढे 'नाही'च करू का?"

"आधी बस जरा. पाणी पी. बसलीस की कळेल तुला."

"सॉरी आजी, अजून खूप घरं राहिलीत."

शेवंता वैतागली. "कशाला त्या पोरीच्या मागं लागलीस? गठ्ठा तसाच पडलाय, टेम्पो येईल आता."

ओट्याच्या खांबाला टेकून वसू बसायची. ती गेल्यापासून त्या जागेवर मी कुणाला बसू देत नाही, शेवंतालासुद्धा नाही. त्या मुलीला मात्र तिथंच बस म्हटलं होतं... तिनं उभ्या उभ्याच 'नाही' दाबलं आणि पुढच्या घराची कडी वाजवली.