जुलाही नव्हे, अन्सारी

"आडनाव? तुम्हा जुलाह्यांना आडनावं कधीपासून फुटली?"

मास्तर मराठीत बोलले. मला कळणार नाही असं वाटून. मला कळलं. बनारसच्या बालाजी घाटाजवळच्या मराठी घरांत अम्मी साड्या पोचवायची, मी तिच्या मागे असायची. मराठी तिथेच शिकले. या मास्तरांच्या बायकोच्या लग्नातला शालूही आमच्याच मागावरचा.

सरकारची शिरगणती चालली होती. मास्तर लिहायला आलेले, मीरसाहेब मोहल्ल्याची ओळख सांगायला. मी विधवा, म्हणून माझ्या घराची जबानी मीच देणार. दाराच्या गोणपाटाआडून पुन्हा म्हटलं, "मास्तर, अन्सारी लिहा."

ते नाव ऐकून मीरसाहेब खो खो हसले. ते सय्यद, पैगंबरांच्या घराण्यातले म्हणवणारे. "जुलाही और अन्सारी! कल को हमारी बराबरी में बैठेगी."

जुलाहा म्हणजे विणकर. पण बनारसमध्ये तो शब्द कुणी विणकर म्हणून उच्चारत नाही. मूर्ख म्हणून उच्चारतात. माझ्या बापाला आयुष्यभर तशीच हाक आली.

अन्सारी हे नाव अब्बांनीच सांगितलं होतं. मक्केतून निघावं लागलेल्या पैगंबरांना मदीनेत ज्यांनी आसरा दिला, ते अन्सार. मदतीला धावणारे. आम्ही त्यांच्या रक्ताचे आहोत का? मला ठाऊक नाही. वंशावळी मीरसाहेबांकडे असतात. आम्ही जगाचं अंग झाकतो, तेवढ्या हक्कानं नाव घेतलं. मऊ, मुबारकपूर, अशा गावोगावचे विणकर घेत होते. मालेगावला गेलेला माझा भाऊसुद्धा आता हेच नाव लावतो.

मास्तरांनी काहीतरी खरडलं आणि म्हणाले, "जुलाहा लिहिलंय. चल, आत जा."

मी आत गेले नाही.

बुरखा ओढला, मागच्या बोळानं निघाले. त्यांच्या पुढे. प्रत्येक दारात एकच सांगितलं, "विचारतील तेव्हा अन्सारी म्हणा. ओरडले तरी तेच म्हणा." शेजारची हमीदाखाला घाबरली. "दरोगा आला तर?" मी म्हटलं, "माझं नाव सांग."

मग मास्तर दारोदार फिरले आणि पडद्यापडद्याआडून बायकांचा आवाज आला. अन्सारी. अन्सारी. माग थांबवून पुरुषही बाहेर येऊन तेच म्हणू लागले. मीरसाहेबांचा चेहरा उतरला. मास्तर घामाघूम झाले. गल्लीच्या टोकाला मी उभीच होते.

"लिहिलं बाई, सगळ्यांचं लिहिलं. तुझंही बदललं. झालं समाधान?"

"दाखवा."

त्यांनी वही माझ्यासमोर धरली. काळ्या ओळी. नुसत्या काळ्या ओळी. उर्दू होती की नागरी, तेही मला कळेना.

मीरसाहेब हळूच म्हणाले, "पढ़ ले, अन्सारी बीबी."

गल्लीभर हाका देणाऱ्या मला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही. मास्तरांनी वही मिटली. ते निघून गेले. माझ्या नावाचं काय करून गेले, मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मौलवींच्या बीबीसमोर पाटी घेऊन बसले. त्यांची सूनबाई हसली. हसू दे. उर्दू शिकेन, नागरीही शिकेन. माझ्याबद्दल लिहिलेला कागद मी आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार नाही. स्वतः वाचीन. आणि खोटं असेल तिथे माझ्या हातानं काट मारीन.