क्रुसाला टोचू नये

माझ्या दिराची नोकरी एका रविवारी मी फडक्याने जवळजवळ पुसून टाकली होती.

दिनेशभावोजी मासे पुरवणाऱ्या एका कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. हॉटेलांच्या मागण्या घ्यायला कंपनीने त्यांना तळहाताएवढं मशीन दिलं होतं. पडद्यावर प्लॅस्टिकच्या काडीने टोचायचं. दाब कुठे पडला ते मशीनला कळायचं. त्या दुपारी साहेब देवबागला आमच्या घरी येऊन भावोजींचं काम बघणार होते आणि मग ठरणार होतं, ठेवायचं की घालवायचं.

भावोजी आंघोळीला गेले. मशीन ओट्यावर, त्यावर माशाचे खवले. (आमच्या घरात खवला नाही अशी वस्तू शोधावी लागते.) मी फडकं घेतलं आणि दाबून पुसलं. मला सगळं दाबूनच पुसायची सवय. पडदा पांढरा झाला. मधोमध एक फुली आली आणि खाली इंग्रजीत सूचना: फुलीच्या बरोबर मध्यावर टोचा.

मी काडी उचलली. मागून सासूबाई म्हणाल्या, "गो, क्रुसार काडी टोचतंस?"

"आई, ती फुली आसा."

"माका शिकव नको. शेजारच्या मेरीबायच्या दारात तसोच आसा. लोकांच्या देवाक टोचूचा नाय. खाली लाव."

"पण ता मध्यावर टोच म्हणता."

"ता म्हणता. मी काय म्हणतंय?"

चुलीवर भात होता. मी फुलीच्या नखभर खाली टोचलं. फुली कोपऱ्यात पळाली. तिथेही नखभर खाली. अशा पाच फुल्या मी अत्यंत आदराने चुकवल्या. मशीनने आभार मानले! ("बघ," सासूबाई म्हणाल्या.)

भावोजी आले, मशीन उचललं. सुरमईवर टोचलं, तर यादीत तिच्या वर असलेला बांगडा लागला. पापलेटवर टोचलं, सुरमई लागली. 'पाठवा'वर टोचलं, तर वरचं 'रद्द करा' लागलं.

"वहिनी, ह्येका कोणी हात लावल्यान?"

"पुसलंय फक्त."

"पुसलंस? साहेब दोनाक येतले!"

मी फुल्यांचं सांगितलं. त्या परत कशा आणायच्या ते भावोजींना ठाऊक नव्हतं. मी आणखी दोनदा दाबून पुसून पाहिलं. आल्या नाहीत. भावोजी टॉवेलातच खाली बसले.

आमचे हे अंगणात जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "वरचो लागता? मग खाली मार. पाण्यातलो मासो दिसता थंय नसता. भालो मारताना खालीच नेम धरूचो लागता."

मग दीड तास तालीम. मी हॉटेलवाली झाले, सासूबाई दुसरी हॉटेलवाली. (त्या भाव पाडून मागत होत्या.) भावोजींचा नेम बसला. मागितला तोच मासा लागू लागला.

साहेब आले, जेवले, आणि मशीन त्यांनी स्वतःच हातात घेतलं. हे आमच्या तालमीत नव्हतं. त्यांनी सुरमईवर टोचलं. बांगडा. परत टोचलं. परत बांगडा. आम्ही सगळे समुद्राकडे बघू लागलो.

"साहेब," भावोजी कसेबसे म्हणाले, "जरा खाली टोचा."

"खाली का?"

"क्रूस होतो तो," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी एकेकाकडे पाहिलं. पुसताना फुल्या आल्या आणि मीच त्या टोचल्या, असं मी कबूल केलं, तसे ते हसायलाच लागले. "अहो, फुल्या चुकल्यात तुमच्या." त्यांनी कुठेतरी दोनदा टोचलं, पाचही फुल्या आल्या, त्यांनी त्या मध्यावर गाठल्या. अर्ध्या मिनिटात सुरमई सुरमई झाली. "आणि तुम्ही यावर असाच नेम धरून काम करणार होतात? मग तुम्हाला सोडून कसं चालेल!"

भावोजी कायम झाले. सासूबाईंनी साहेबांना आणखी सोलकढी वाढली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

निघताना साहेब मला समजुतीने म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. सूचना इंग्रजीत असते ना, त्यामुळे तुमचा गोंधळ झाला."

"हो," मी म्हटलं, "इंग्रजीचाच घोळ."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. सोळा वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवत होते.